मास्तरांचं ताट

वॉर्डात जेवण आलं की आधी गाडीचं चाक ऐकू यायचं. एक चाक कुरकुरत होतं आणि ताटवाले मामा त्याला तेल घालायला तयार नव्हते. त्या आवाजाने पेशंट आपोआप उठून बसतात, असं त्यांचं म्हणणं. मामा प्रत्येक खाटेपाशी झाकणाचं स्टीलचं ताट ठेवायचे, थोड्या वेळाने गोळा करायला परत यायचे, आणि गोळा करताना झाकण उचलून आत काय उरलंय ते दाराशी उभ्या असलेल्या बाईंना ओरडून सांगायचे. "तीन नंबर, अर्धं! चार नंबर, हातच लावला नाही! पाच नंबर, पूर्ण!"

पाच नंबर म्हणजे माझे बाबा. तो 'पूर्ण' ऐकायला मी बाहेरच्या व्हरांड्यात कान टवकारून उभी असायचे. जेवणाच्या वेळी खाटेपाशी घरचं एकच माणूस, असा नियम होता, आणि ते माणूस आई होती. माझ्या स्वतःच्या परीक्षांच्या निकालाला मी कधी इतकी घाबरले नव्हते.

बाबांच्या आतड्यात गाठ होती. काढता येईल, असं सर्जन म्हणाले, पण लगेच नाही. "शरीर फार खंगलंय. आत्ता ऑपरेशन केलं तर आतले टाके भरून येणार नाहीत. काही आठवडे नीट जेवू दे, अंगात ताकद येऊ दे, मग घेऊ." बाबा आयुष्यभर शिंपीकाम केलेला माणूस. त्यांनी लगेच मान डोलावली. "बरोबर आहे डॉक्टर. जीर्ण कापडाला टाका धरत नाही." सर्जन हसले, बाबा हसले. मला हसू आलं नाही. मी एवढंच ऐकलं होतं की बाबा जेवले तर वाचतील.

दाराशी उभ्या राहणाऱ्या बाई म्हणजे तिथल्या आहारतज्ज्ञ. सगळा वॉर्ड त्यांना पथ्यबाई म्हणायचा, अगदी तोंडावरसुद्धा. चणीने लहानखुऱ्या, चष्मा कायम डोक्यावर, आणि आवाज असा की चार खोल्यांपलीकडच्या पेशंटने घाईघाईने चमचा उचलावा. कोणी चार घास टाकले तरी त्या खाटेशी जाऊन विचारायच्या, "काय झालं? कोणावर राग काढलात, माझ्यावर की भातावर?" बाबांवर मात्र त्यांचा फार जीव. "मास्तर म्हणजे माझा हुकमाचा एक्का," त्या इतरांना सांगायच्या. "बघा जरा, शिका काहीतरी." बाबा अशा वेळी वर्गात पहिल्या आलेल्या पोरासारखे लाजायचे.

पण अन्न काही अंगी लागेना.

वजनाच्या काट्यावर आकडा जवळपास तोच राहत होता. रक्ताच्या तपासणीत मात्र दर वेळी काहीतरी घसरलेलं. पथ्यबाई खाटेच्या टोकाशी उभ्या राहून कपाळाला आठ्या घालायच्या. "खाताय तर सगळं. मग जातंय कुठे?"

"आमची हाडंच चिवट आहेत, बाई," बाबा म्हणायचे. "उशिरा ऐकतात."

पथ्यबाई हार मानणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी ताट वाढवलं. एकाच्या जागी दोन उकडलेली अंडी, सुपात जास्तीची डाळ, भातावर लोणी, वर घट्ट दूध, आणि मधल्या वेळेला केळं. आई हे ऐकत होती. तिचा चेहरा एकदम उतरला.

"एवढं सगळं?" ती म्हणाली.

"एवढं सगळं," पथ्यबाई म्हणाल्या. "आणि ताट मला आजच्यासारखंच रिकामं हवं."

आईच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, नवऱ्याची कोणी एवढी काळजी घेतंय म्हणून भरून आलं असेल. माणूस स्वतःला हवं तेच बघतो.

त्याच आठवड्यात आईने मला ॲसिडिटीच्या गोळ्या आणायला सांगितल्या. मग म्हणाली, कपाटातले ढगळ बाह्यांचे कपडे आण, हे दंडात रुततात. मी म्हटलं, "आई, इस्पितळात येऊन जाड होणारी तू पहिलीच." नेहमी अशा चेष्टेवर ती मला चापट मारायला धावायची. या वेळी तिने तोंड फिरवलं आणि पिण्याच्या पाण्याची बाटली भरायला निघून गेली. बाटली भरलेलीच होती.

बाबा इस्पितळाचे कपडे अंगाला लावून घ्यायचे नाहीत. "याला शिवण म्हणतात? पोत्याला दोन भोकं पाडलीत," असं म्हणून त्यांनी पहिल्याच दिवशी ते परत केले होते. त्यांचे स्वतः शिवलेले सदरे मी घरून न्यायचे आणि आई ते वॉर्डाच्या न्हाणीघरात धुवून वाळत घालायची. मी म्हणायचे, मी नेते धुवायला, तर दोघंही नको म्हणायची. एकदा मात्र पाण्याची टाकी दुरुस्तीला काढली होती, म्हणून आईचा नाइलाज झाला आणि पिशवी माझ्या हाती आली.

दुसऱ्या दिवशी मी कामावर सुट्टी घेतली होती. सकाळी सदरे उलटे करून धुवायला घेतले तर बाजूची शिवण हाताला जाड लागली. बघते तर आतल्या बाजूने कापड दुमडून हाताने टाके घातलेले. एकदा घातलेले, आणि त्याच्याही आत पुन्हा एकदा. सगळ्या सदऱ्यांना तसंच. टाके आईचे होते, मी ओळखले. दुकानात काजं-बटणं तिचीच असायची. खांदा कुठे आणि किती आत घ्यायचा हे मात्र बाबांनीच सांगितलेलं असणार. सदरा अंगावर लोंबला असता तर मी पहिल्याच आठवड्यात ओरडले असते. तो लोंबत नव्हता. आमचे बाबा दिवसेंदिवस कमी होत होते आणि त्यांचे कपडे त्यांना मापात बसत होते.

ओला सदरा तसाच पिशवीत कोंबून मी निघाले. पोचले तेव्हा दुपारची ताटं वाटून झाली होती. नियम गेला खड्ड्यात, असं म्हणून मी सरळ आत शिरले आणि पाच नंबरचा पडदा बाजूला केला.

आई खाटेच्या कडेला बसून जेवत होती. मांडीवर बाबांचं ताट, डोळ्यांतून धारा, आणि तोंडात घास. बाबा उशीला टेकून तिच्याकडे बघत होते आणि हळू आवाजात सांगत होते, "आता अंडं घे. मीठ लाव त्याला. सावकाश, घाई नाही."

आईने मला पाहिलं आणि तिच्या हातातला चमचा तसाच राहिला.

"आले आमचे फौजदार," बाबा म्हणाले. ते मला लहानपणापासून फौजदार म्हणतात.

मी काय काय बोलले ते सगळं सांगत नाही. मी ओरडले एवढं खरं. आई हात जोडून सारखी म्हणत होती, "हळू गं, मामा ऐकतील." बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "घास आत जात नाही, बाळा. तोंडात घेतला की पोटातून वर येतो. पहिल्या दिवशी खरं सांगणार होतो. पण बाई शेजारच्या खाटेवाल्याला म्हणाल्या, जेवला नाहीत तर नाकातून नळी घालावी लागेल. माझ्या दादाला, तुझ्या काकाला, नळी होती. शेवटी तो बोलूसुद्धा शकत नव्हता, नुसता बघायचा. मला ती नळी नको."

"म्हणून आईला खायला लावलं?"

"टाकून द्यायचं का मग अन्न?"

हे त्यांनी खरोखर विचारलं. आमच्या घरात ताटात टाकायची सोय नव्हती. बाबांचा तो एकच कायदा. लहानपणी मी नावडती भाजी ताटाच्या कडेला सारली की बाबांची पाठ वळताच आई ती उचलून स्वतःच्या तोंडात टाकायची. मग बाबा म्हणायचे, शाबास, ताट स्वच्छ. आमच्या घरातलं रिकामं ताट कोण जेवलं ते कधीच सांगत नव्हतं. आई जवळ बसली होती, एवढंच त्यावरून कळायचं. हे मला ठाऊक होतं, पथ्यबाईंना नाही.

बाहेर चाक कुरकुरलं. मामा गोळा करायला निघाले होते.

"आई, ताट ठेव खाली," मी म्हटलं.

"नको गं. अर्धं दिसेल."

"दिसू दे."

बाबांनी माझा हात धरला. त्या हातात काही उरलं नव्हतं, आणि तरी ते घट्ट धरायला बघत होते. "फौजदार, एवढं नको करू," ते म्हणाले. मला रडू आलं, आणि राग त्याहून जास्त आला. ऑपरेशन झालं तर बाबा वाचणार होते आणि ते हा जीव एका ताटाच्या झाकणाखाली लपवत होते. मी हात सोडवला आणि दाराशी जाऊन सगळं सांगून टाकलं.

पथ्यबाई ओरडतील, अशी माझी खात्री होती. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी चष्मा डोक्यावरून काढला, पुसला, पुन्हा डोक्यावरच ठेवला. मग आत येऊन बाबांच्या पायावर अंगठा दाबला. खळगा पडला तो तसाच राहिला.

"सूज आहे," त्या म्हणाल्या. "काट्यावर दिसत होतं ते हे पाणी. आणि मी ताटं मोजत बसले." त्या आईकडे वळल्या. आई उठून उभी राहिली होती, शिक्षा ऐकायला राहतात तशी.

"मी खाल्लं, बाई," आई म्हणाली. "नवऱ्याच्या तोंडचा घास मी खाल्ला. घशाखाली उतरत नव्हता हो. पण तुम्ही दाराशी उभ्या असायच्या, आणि हे इथून बघत असायचे. तुम्ही ताट वाढवलंत ना, त्या दिवशी मला न्हाणीघरात जाऊन ओकारी झाली."

पथ्यबाईंनी तिला स्टुलावर बसवलं आणि स्वतः पाणी दिलं.

नळी घालायला बाबा तयार झाले ते आईमुळे. ती एवढंच म्हणाली, "तुम्ही सांगितलं ते मी केलं. आता मी सांगते ते करा." नळी गेली. बाबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. नळीमुळे नव्हे, बोलता येत होतं त्यांना, रागाने. पथ्यबाई दिवसातून कितीदा तरी यायच्या, नळीतून जाणारं पातळ अन्न स्वतः तपासायच्या, बाबांच्या पोटावर हात ठेवून विचारायच्या, "मास्तर, कसं वाटतंय?" बाबा म्हणायचे, "पोटाला विचारा. माझा आता काही संबंध नाही."

पण उशीर झाला होता. नळीतलंही पोटात ठरेना. सर्जन आले, त्यांनी पोट दाबून पाहिलं, तपासण्या पाहिल्या आणि मला व्हरांड्यात बोलावलं. ते चांगले गृहस्थ होते. त्यांनी गोल गोल बोलून माझा वेळ घालवला नाही. ऑपरेशन होणार नव्हतं. ना या आठवड्यात, ना पुढच्या.

"आधी जेवले असते तर?" मी विचारलं.

"सांगता येत नाही," ते म्हणाले. "कदाचित तेव्हाही नाही." हे खरं होतं की मला दिलेली भीक होती, मला आजही कळलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पथ्यबाई आल्या. सिस्टरने नळी काढली. खाटेच्या उशाशी बाबांच्या आहाराची पाटी लटकवलेली होती, ती पथ्यबाईंनी खाली घेतली आणि बगलेत धरली.

"मास्तर, आता पथ्य नाही," त्या म्हणाल्या. "हवं ते खा. हवं तेवढंच खा. नको असेल तर नका खाऊ."

सर्जन काय म्हणाले होते ते मला तेव्हा पुरतं कळलं. चार घासांसाठी भांडणारी बाई ज्या दिवशी भांडायची थांबते, त्या दिवशी विचारण्यासारखं काही राहत नाही. बाबांनाही कळलं असणार. ते म्हणाले, "नापास झालेल्याला लवकर सुट्टी, होय ना बाई?" पथ्यबाई 'होय' म्हणाल्या आणि झपाझप चालत गेल्या. मामांच्या गाडीशी जाऊन त्या बराच वेळ पाठमोऱ्या उभ्या होत्या.

ताट मात्र त्यांनी चालू ठेवलं. पडदाही आता ओढायचा नव्हता. आई सगळ्यांदेखत जेवायची, बाबा कधी चमचाभर सूप ओठांना लावायचे, आणि बाकीचा वेळ तिच्याकडे बघत राहायचे.

एकदा आई आंघोळीला गेली होती. बाबा म्हणाले, "फौजदार, इकडे ये. तुला एक कबुली द्यायचीय." रुसवा सरला होता त्यांचा. "नळीची भीती खरी होती. पण सगळं तेवढंच नव्हतं."

"मग?"

"तुझ्या आईला गरम जेवताना तू कधी पाहिलंयस?"

मी आठवून पाहिलं. दुकानाच्या मागच्या खोलीत आई काजं करत बसलेली. गिऱ्हाईक गेलं की बाबांना वाढायची, मग मला, मग कोणी पाहुणा असला तर त्याला. बाबा म्हणायचे, चल, तूही बस. ती म्हणायची, तुम्ही व्हा पुढे, एवढं एक काज संपवते. काज कधी एक नसायचं. मग कधीतरी ती भांडं खरवडून, उभ्या उभ्याच, जे असेल ते गार खायची.

"नाही," मी म्हटलं.

"मीही नव्हतं पाहिलं. एवढा संसार झाला, पण नाही. इथे पहिल्या दिवशी मला घास जाईना, म्हणून ताट तिच्याकडे सरकवलं. झाकण काढलं तर वाफ आली. तिने चमचा तोंडात घातला आणि जीभ पोळली तिची. मग फुंकर मारली." बाबांनी ओठ पुढे करून फुंकर मारून दाखवली. त्यालाही त्यांना दम लागला. "तिला फुंकर मारून खाताना मी पहिल्यांदा बघितलं गं. लहान मुलीसारखी दिसली. मग मला रोज ते बघायची चटकच लागली."

"तिला एकेक घास विषासारखा लागत होता, बाबा."

"माहीत आहे. रडायची ती. पण फुंकर मारायची ना." आई येते का, म्हणून त्यांनी दाराकडे पाहिलं. "बापाला शिव्या घाल हवं तर. पण तिला सांगू नकोस. तिला वाटेल, मी तिच्यापायी गेलो."

मी शिव्या घातल्या नाहीत. मी त्यांच्या सदऱ्याचं वरचं बटण लावलं. दोन्ही बाजूंनी आत घेतलेला तो सदरा आता पुन्हा ढगळ झाला होता.

त्यानंतर बाबा फार दिवस राहिले नाहीत. गेले तेव्हा सकाळ होती, खिडकीतून ऊन आलं होतं, आणि आई त्यांच्या पायांना तेल चोळत होती. तिला पायांवरूनच कळलं. सिस्टर आल्या, डॉक्टर आले, बाबांना खाली नेलं. शववाहिका यायला वेळ लागणार होता. खाटेवरची चादर काढून नेली होती आणि नुसत्या गादीशेजारच्या स्टुलावर आई पिशवी मांडीवर घेऊन बसली होती.

चाक कुरकुरत आलं. स्वयंपाकघरात कोणी कळवलं नव्हतं. मामांनी सवयीने पाच नंबरपाशी ताट ठेवलं, मग रिकामी गादी पाहिली आणि त्यांचा हात जागच्या जागी थिजला. "चुकलं, वहिनी," ते म्हणाले आणि ताट उचलायला वाकले.

"राहू द्या," आई म्हणाली.

मामा माझ्याकडे बघायला लागले. मी मान डोलावली. लोक काय म्हणतील, हे माझ्या मनात आलं, खोटं कशाला बोलू. नवरा खाली शवागारात ठेवलाय आणि बायको जेवतेय. पण आई जेवत नव्हती. तिने ताट मांडीवर घेतलं, झाकण काढून शेजारी ठेवलं, आणि तशीच बसून राहिली. भातावरून वाफ येत होती. ती समोरच्या उशीच्या जागेकडे बघत होती.

"आई, गार होतंय," मी म्हटलं.

"होऊ दे," ती म्हणाली. "हे बघायचे, म्हणून मी गरम खात होते. मला गारच सवय आहे."

तिला ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मी तिच्या शेजारी जमिनीवर बसले आणि तिच्या गुडघ्यावर डोकं टेकून जिवाच्या आकांताने रडले. तिने एका हाताने माझे केस मागे सारले आणि दुसऱ्या हाताने ताट सांभाळलं.

वाफ थांबल्यावर ती जेवली. सावकाश, एकही शीत न टाकता. मामा गोळा करायला आले तेव्हा पथ्यबाई दाराशी उभ्या होत्या. मामांनी पाच नंबरचं ताट उचललं, झाकण न उघडताच गाडीत ठेवलं, आणि सहा नंबरकडे गेले.